नमुन्यापुरता मुरूम

सिद्धराम हत्तुरे यांनी निवृत्तीनंतर शहराच्या कडेच्या एका कॉलनीत प्लॉट घेतला आणि घर बांधण्यापूर्वी तिथल्या मातीची खरोखर तपासणी करून घ्यावी, असा विचार त्यांच्या मनात आला. उभ्या नोकरीत हा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता, हे विशेष. कारण त्यांची नोकरी माती तपासण्याचीच होती.

प्रयोगशाळेची कार्यपद्धती शास्त्रशुद्ध होती. अर्जदाराने प्लॉटवरची माती पिशवीतून आणायची. ती काळी निघाली तर अहवाल प्रतिकूल जाणार, नकाशा अडणार, अर्जदार चकरा मारणार. सबब, जनतेच्या सोयीसाठी कोपऱ्यात उत्तम मुरमाचं एक पोतं कायम भरून ठेवलेलं असे. पिशवी कोणाचीही येवो, तपासणी पोत्याची होई. त्यामुळे सबंध शहराच्या जमिनीत विलक्षण एकवाक्यता आली होती. ही सुधारणा हत्तुरेसाहेबांचीच. निरोपसमारंभात तिचा गौरवाने उल्लेख झाला आणि साहेबांचे डोळे पाणावले होते.

आता त्यांनी स्वतःच्या प्लॉटवर खड्डा घेतला. कमरेपेक्षा खोल गेलं तरी नुसती काळी माती. पावसात फुगणार, उन्हात भेगाळणार. ज्वारीला झकास, भिंतीला घातक. पत्नी मायाक्का काठावर उभ्या होत्या.

"अहो, हितं घर उभं राहील का?"

"रिपोर्ट तर येऊ दे की."

"मी घराचं विचारतेय."

साहेबांनी पिशवी भरून पाठवली. यथावकाश अहवाल आला : कठीण मुरूम, दोन फुटांचा पाया पुरेसा. ते तडक प्रयोगशाळेत गेले. त्यांच्या खुर्चीत आता ऋतुराज बसत होता. त्यांनीच तयार केलेला.

"अरे, माझी माती काळी होती की!"

"सर, सगळ्यांचीच असते."

"मग तपासली का नाहीस?"

"तपासली की! पोतं तर आत्ताच नवीन भरलंय."

"हे बघ, माझ्यापुरती खरी तपासणी कर."

ऋतुराजचा चेहरा पडला. खरी तपासणी त्याला कोणी शिकवलीच नव्हती. साहेब शिकवायला म्हणून यंत्राजवळ गेले. यंत्रावर चहाचे कप वाळत ठेवले होते. ते बाजूला केल्यावर सुरू करायचं बटण कुठलं, हे साहेबांनाही आठवेना. त्यांनी कप पुन्हा जागच्या जागी ठेवले.

मग त्यांनी ठरवलं, अहवाल गेला खड्ड्यात. सगळी काळी माती उपसायची आणि खरा मुरूम भरायचा. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. त्याचा आवाज ऐकून शेजारचा एजाज, ट्रकवाला, बनियनवरच धावत आला. त्याच्यामागे अख्खी कॉलनी.

"काका, हे काय चालवलंय?"

"माती काळी हाय रे. काढतोय."

"तुमची काळी, मग माझी कुठल्या कलरची? मधी कंपाउंड एकच हाय की!"

साहेब कंपाउंडकडे बघू लागले.

"माझ्या रिपोर्टवर सही कुणाची हाय, काका? ह्या सगळ्यांच्या रिपोर्टवर कुणाची हाय?"

साहेबांना एका क्षणात सगळं दिसलं : चौकशी, अडकलेलं निवृत्तिवेतन, सहीचे नमुने. जेसीबीवाल्याला चहा पाजून परत पाठवण्यात आलं. त्याच संध्याकाळी कॉलनीची सभा भरली आणि आपल्या कॉलनीतली जमीन मुरमाची आहे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक, श्री. हत्तुरे.

घर दोन फुटांच्या पायावर उभं राहिलं. वास्तुशांतीला ऋतुराजनं घड्याळ दिलं. पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमचं दार लागेना. साहेबांनी, लाकूड फुगलंय असं सांगून, सुतार बोलावला. उन्हाळ्यात हॉलच्या भिंतीवर छतापासून खाली एक बारीक रेघ आली.

"ही काय, रिपोर्टवरची सही का?" मायाक्कांनी विचारलं.

साहेबांनी बाजारातून मोठ्यातलं मोठं कॅलेंडर आणून त्या रेघेवर टांगलं. जागा जराशी आडनिडीच होती, पण पाहुणे नावं ठेवत नाहीत. त्यांच्याही घरी ते तसंच असतं.

तुमच्याकडेही असेलच की एखादं. तारीख खुशाल बघा. उचलून बघू नका.