खाजऱ्या लूचा तपास

फिलिमोनेच्या मते टोंगाटापू बेटावर निरीक्षणशक्ती असलेला माणूस एकच होता. नम्रतेपोटी तो त्याचं नाव घेत नसे, नुसता छातीवर हात ठेवत असे. तीस वर्षं बंदरावर जकातीत काढलेली. समोरच्याच्या चपलेवरून तो त्याची सासुरवाडी सांगे. ती चुकायची, पण सांगायची ढबच अशी की ऐकणारा स्वतःच्या सासुरवाडीबद्दल साशंक होऊन घरी जाई.

अशा माणसाच्या परसात गुन्हा घडला. मंगळवारी त्याची बायको कालोलाइनेने आळीभर वाटलेला लू खाऊन सगळ्यांचे घसे खाजले. अळूची पानं, नारळाचं दूध, खारं मांस, सगळं नेहमीचंच, पण पानं कच्ची. गुरुवारी पुन्हा केलेला लू उमूतून, म्हणजे मातीखालच्या तापल्या दगडांच्या भट्टीतून, कोळसा होऊन निघाला. पाहुण्या धर्मगुरूंचं जेवण वीस वर्षं तिच्या हातचं. ते शनिवारी यायचे होते, आणि पलीकडची लुसेआने "दमली असशील गं" म्हणत आतापासूनच पानं खुडत होती.

"माझ्या हाताची चवच गेली हो," कालोलाइने रडवेली होऊन म्हणाली.

"चव जात नसते. ती पळवली जाते," फिलिमोने म्हणाला आणि दगड हुंगू लागला.

पहिला संशय लुसेआनेवर: तिनेच रानअळू घुसवलं. पण मंगळवारी बाई वावाऊ बेटाच्या बोटीवर ओकत होती, साक्षीदार चाळीस. मग दगड बदलल्याचा संशय. त्याने प्रत्येक दगडावर खडूने आकडा घातला. जाळ पेटल्यावर आकडे उडाले, तेव्हा गुन्हेगार फारच हुशार असल्याची त्याची खात्री पटली.

शुक्रवारी कालोलाइनेने पुन्हा उमू लावला आणि कुंपणापलीकडे बँडातल्या सेमिसीचा युफोनियम, त्याचा पितळी बाजा, सुरू झाला. फिलिमोनेचे कान टवकारले. दहा वर्षं हा गडी आधी लांब सूर, मग सरगम, मग कूच आणि शेवटी स्तोत्र वाजवत आला. आता कूच मधूनच काय सुरू होते, अर्धी सरगम काय येते. ही तर चोरट्या मालाची सांकेतिक भाषा. तो वही घेऊन केळीत दडून बसला. तेवढ्यात स्तोत्र वाजलं आणि कालोलाइने फावडं घेऊन उठली. उठली ती तशीच थांबली.

"अहो, स्तोत्र वाजलं की मी उमू उघडते."

"हळू बोल. आज रात्री बोट लागणार आहे."

"ते शेवटी वाजायचं, तोवर दोन तास झालेले असायचे. आज अर्ध्या तासात वाजलं."

"म्हणजे," केळीतून आवाज आला, "तूही कटात आहेस?"

ती सरळ कुंपणाशी गेली. "सेमिसी, हे काय रे उलटंसुलटं वाजवतोयस?"

सेमिसी ओशाळला. "मावशी, बँडमास्तर म्हणतात मधूनच उचल, अन् माझी बोटंच हलत नाहीत. पहिल्यापासून गिरवल्याशिवाय काही येतच नाही मला. गेल्या आठवड्यात सरावातून उठवलं. म्हणून आता करवंटीत चिठ्ठ्या टाकतो, निघेल ते वाजवतो. गुरुवारी स्तोत्र निघालंच नाही." मग तिच्या फावड्याकडे बघत म्हणाला, "उद्यापुरतं पूर्वीसारखं वाजवू का?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. लुसेआनेचं तोंड डोळ्यांपुढे आलं. पण या पोराचंही जन्मभराचं वाजवणं पणाला होतं.

"नको रे बाबा. तुझ्या बोटांना लागली तशीच मलाही सवय लागलीय. तू चिठ्ठ्याच काढ."

शनिवारी स्तोत्र दोनदा वाजलं. दोन्ही वेळा ती मांडीखाली हात दाबून बसून राहिली. नारळाच्या दुधाचा वास मातीतून वर आला, तिने तळवा टेकवून ऊब पाहिली आणि मगच फावडं लावलं. लू तोंडात विरघळला. थोरल्या धर्मगुरूंनी तिसऱ्यांदा पान पुढे केलं.

"गुन्हेगार सापडला म्हणे. शोधला कुणी?"

"यांनी," कालोलाइने सरळ म्हणाली.

फिलिमोनेची छाती फुगली. मग त्याने बायकोच्या दमलेल्या, हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"मी केळीत बसलो होतो," तो म्हणाला. "हिनं जाऊन वाजवणाऱ्यालाच विचारलं."

"आणि तुम्ही का नाही विचारलंत?"

फिलिमोनेने बराच विचार केला.

"मला भीती होती, तो सांगून टाकेल."