बुडीत रानातला बांध

“आता सांगतो ती गोष्ट अख्ख्या जालना जिल्ह्यात एकाबी माणसाला पटायची न्हाई,” इंद्रभान आष्टीच्या बाजारातल्या चहाच्या हॉटेलात बाकड्यावर मांडी ठोकत म्हणाला. “पटू बी नका. आपल्याला काही फरक पडत न्हाई.”

समोरच्या बाकड्यावर धर्मराज बशीतला चहा फुंकत बसला होता. सगळं रामायण घडलं ते याच्याचमुळे.

झालं होतं ते असं. दुधना नदीवर धरण झालं आणि इंद्रभान आणि त्याची बायको सुगंधाबाई यांचं पाच एकर रान पाण्याखाली गेलं. मावेजा मिळाला, नव्या गावठाणात प्लॉटही मिळाला. सुगंधाबाई त्या प्लॉटवर एक दिवस राहिली. “इथं दुसऱ्याच्या मातीचा वास येतो,” म्हणाली आणि उठली. मग नवरा-बायकोनं डांबराची रिकामी पिंपं एकमेकांना बांधली, वर फळ्या ठोकल्या, त्यावर पत्र्याचं खोपटं उभं केलं आणि ती नाव नेऊन बुडालेल्या आपल्या विहिरीच्या बरोबर वर उभी केली. नावेवर चूल, बाज, दोन शेळ्या आणि डब्यात लावलेली तुळस. कुणी पत्ता विचारला की सुगंधाबाई सांगायची, “शेतावर.”

धर्मराजचं रान त्यांच्या शेजारचं. तेही बुडालेलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी तो थर्माकोलच्या तराफ्यावर उकिडवा बसून, हातानं पाणी मारत नावेपाशी आला.

“इंद्रभान, वाऱ्यानं तुझी नाव माझ्या तुरीत आल्ती, ती अजून तिथंच हाय.”

“कुठली तूर? खाली मासे हायेत.”

“मंग माशांत आली. बांध त्या बाभळीपासून सरळ जातो.” धर्मराजनं पाण्याबाहेर राहिलेल्या बाभळीच्या शेंड्याकडं बोट केलं. “तीस हात आत हायेस.”

“अरे, सातबारा सरकारचा झाला ना आता.”

“सातबारा सरकारचा. बांध आपला.”

यावर आपल्याकडं आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. त्यातून सुगंधाबाईनं एक डोळा मिटून बाभळीच्या रेषेत पाहिलं, तर धर्मराज खरं बोलत होता. ती नवऱ्याकडं वळली.

“उद्या पोळा हाय. मी जल्मात दुसऱ्याच्या रानात पुरण शिजवलं न्हाई. दिवस मावळायच्या आत नाव आपल्या शेतात पायजे. न्हाईतर उद्या चूल पेटत न्हाई, सांगून ठिवते.”

इंद्रभाननं नाव बांधली होती, पण एकदा विहिरीवर उभी केल्यावर हलवली कधीच नव्हती. त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणाऱ्या संपत मुकादमाला फोन लावला.

“मुकादम, जल्दी बारा गडी पायजेत. नाव हलवायचीय.”

“पाणी किती हाय?”

“दोन पुरुष.”

“दादा, माझी माणसं उसात बुडतात, पाण्यात न्हाई. पण काठावरनं दोर वढतील. बैलं बी आणतो.”

दुपारी बारा गडी आणि तीन बैलजोड्या काठावर हजर झाल्या. संपत जू उचलायला वाकला, तेवढ्यात काठावर उतरलेली सुगंधाबाई आडवी आली.

“आज खांदमळणी. आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवाल तर माझ्याशी गाठ हाय.”

संपतनं जीभ चावली. गडबडीत तो वार, तिथी सगळं विसरला होता. “मंग वढायचं कुणी, मावशी?”

“बारा जणांचे खांदे काय शोभेला हायेत?”

गड्यांनी खांद्यावर दोर घेतला. बैल लिंबाखाली रवंथ करत, जुंपलेली माणसं बघत उभे राहिले. नाव वीसेक हात सरकली, पण गड्यांचे खांदे सोलवटले. सुगंधाबाईला ते पाहवेना. बैलांसाठी कालवलेलं लोणी-हळद तिनं वाटीभर आणलं आणि एकेकाच्या खांद्याला चोळलं. हाताला लागलेलं वळण तोंडालाही लागलेलं, त्यामुळं बैलाच्या कानात म्हणतात तसं प्रत्येकाच्या कानात म्हणतही गेली, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.”

गड्यांनी माना हलवल्या. ताजेतवाने होऊन त्यांनी जोर लावला, आणि लोण्यावरून दोर असा सुटला की बाराच्या बारा जण चिखलात बसले. मोकळी झालेली नाव वाऱ्यावर स्वार होऊन मागं गेली, ती धर्मराजच्या रानाच्या पार मधोमध, त्याच्या विहिरीवर.

“या,” धर्मराज तराफ्यावरून म्हणाला. “आता खालची मोटर बी काढून न्या.”

दिवस कलला. संपतनं दोर गुंडाळला. “आमच्यानं व्हत न्हाई, दादा. पण उद्या येतो आम्ही. आवतन झालंय.”

म्हणजे उद्या जेवायला बारा पाव्हणे, आणि चूल परक्याच्या रानात. सुगंधाबाई नावेत परतली आणि पुरणाची डाळ मांडीवर घेऊन बसली. निवडेना की भिजवेना.

“मंग म्यां काय केलं?” हॉटेलात इंद्रभाननं छाती पुढं काढली. “धोतर खोचलं, दोर दातात धरला अन् घेतली उडी. एका दमात नव्वद हात कापले. मागं नाव, नावेत बायको, शेळ्या, समदं. बराबर माझ्या विहिरीवर आणून लावली. दुसऱ्या दिशी बारा जणांनी माझ्या रानात पुरणपोळी हाणली. धरण आलं तवा मी हटलो न्हाई, तर या धर्मराजला काय हटतो?”

हॉटेलवाल्या वसंताची किटली हवेतच राहिली. सगळ्यांनी धर्मराजकडं पाहिलं. त्यानं बशीतला शेवटचा घोट घेतला आणि मिशा पुसल्या.

“इंद्रभान, तुला पव्हता येत न्हाई. तराफ्याला दोर बांधून नाव मी वढली. माझ्या विहिरीवर दुसऱ्याचं पुरण शिजू देतो व्हय मी?” तो उठला, टोपी नीट केली. “अन् अजून सव्वा हात आत हायेस.”