काग्वाचा झाडलेला मळा

यंदा तपासणीच्या साहेबाला असा अननसाचा मळा दाखवतो की त्याच्या तोंडून शब्द फुटणार नाही, असं सालोंगो काग्वा गावभर सांगत सुटला होता. त्यांच्या कायुंगा मुलखात जुळ्यांच्या बापाला सालोंगो म्हणतात आणि आईला नालोंगो, आणि जुळ्यांच्या बापापुढे कुणी फारसं हसत नाही. त्यामुळे तो बोलतच राहिला.

गोष्ट साधी नव्हती. त्या गावचे अननस विनाऔषधाचे म्हणून विमानाने परदेशी जात आणि नाक्यावरचा ट्रकवाला देईल त्याच्या दुप्पट भाव मिळे. पण साऱ्या गावाला शिक्का एकच. एकाच्या मळ्यात औषधाचा वास जरी आला, तरी सगळ्यांचा शिक्का जाणार आणि सगळं गाव पुन्हा ट्रकवाल्याच्या दारात. यंदा तपासणीला काग्वाचा मळा निघाला होता.

आता पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण काय करतो? अंगण झाडतो. काग्वाने मळा झाडला. सरींमधलं गवत मुळासकट उपटलं, ओलाव्यासाठी अंथरलेला पालापाचोळा ओढून बांधावर त्याचा हा मोठा ढीग घातला आणि नवराबायकोने मिळून खराट्याने जमीन अशी लख्ख केली की तिथे पंगत बसवावी.

तपासणीला आलेले ओमारा साहेब उत्तरेकडचे, ताडमाड उंच. त्यांनी मळा पाहिला आणि खरंच त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. काग्वाची छाती फुगली.

"मुंग्या कुठायत?" साहेबांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही येणार म्हणून झाडून काढल्या, साहेब."

"गवत?"

"एक काडी ठेवली नाही."

"असा साफ मळा मी आजवर एकदाच पाहिलाय," साहेब सावकाश म्हणाले. "त्याच्या मालकाने तणनाशक मारलं होतं. डबे पाचोळ्याखाली पुरून ठेवले होते."

काग्वाच्या पायाखालची जमीन सरकली. आपल्या खराट्यापायी सारं गाव बुडणार, हे त्याला आता कळलं. "साहेब, जुळ्यांची शपथ, खराटा होता हो. नालोंगो, तो खराटा आण बघू!"

पण साहेब बांधावरच्या ढिगाकडे निघाले होते. तिथे त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि डबा शोधत आत ढवळलं.

डबा नव्हता. सानाफू होते. चावरे मुंगळे, लाखोंनी. हाकलल्यापासून सगळे तिथेच मुक्कामाला असावेत. ढिगातून काळीभोर धार निघाली, मनगटाएवढी जाड, आणि मध्ये पडेल ते पाठीवर घेऊन वाहायला लागली: अळ्या, किडे, एक अख्खा विंचू. काग्वा बघतच राहिला. जन्म या मातीत गेला आणि पायाखाली एवढं मोठं राज्य नांदतंय याचा त्याला पत्ता नव्हता. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

तोवर ते राज्य साहेबांच्या पँटमध्ये शिरलं होतं.

साहेब नाचायला लागले. नेमकी त्याच वेळी नालोंगो खराटा घेऊन आली. पाहुण्यासमोर बाईने गुडघे टेकायचे, नजर खाली ठेवायची आणि घरच्या सगळ्यांची खुशाली विचारायची, ही तिकडची रीत. ती तिने सोडली नाही.

"या, साहेब. घरी सगळी बरी आहेत ना?"

"औषध आणा!" साहेब ओरडले. पँट एव्हाना अननसावर पडली होती. "कसलंही आणा, फवारा माझ्यावर!"

"मुलंबाळं बरी आहेत?"

"अहो बाई, औषध!"

काग्वा जिवाच्या आकांताने धावला. शेजारी गेला, त्याच्या शेजारी गेला, गाव पालथं घातलं. परत आला तेव्हा धापा टाकत होता आणि चेहरा रडवेला झाला होता.

"साहेब, माफ करा. अख्ख्या गावात औषधाचा थेंब नाही."

साहेब नाचता नाचता थांबले. काग्वाकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि काग्वाच्या मागोमाग आलेल्या गावाने एकेक मुंगळा हाताने वेचून काढला. शेवटी काग्वाचा लग्नातला पांढरा झगा अंगावर चढवून त्यांनी कागदावर शिक्का मारला. बायकांनी असा गजर केला की रस्त्यावरच्या मोटारी थांबल्या. साऱ्या गावाची भाकरी आज त्या किड्यांनी राखली होती.

संध्याकाळी त्या किड्यांनी मुक्काम हलवला तो थेट काग्वाच्या घरात. उंबरा, भिंती, गादी, सगळं काळं झालं. नवराबायको जुळ्यांना घेऊन अंगणात उभी.

"आता काय करायचं गं? औषध तर मारता येत नाही," काग्वा कुजबुजला.

"मला काय विचारता?" नालोंगोने चटई पसरली. "शिक्का दाखवा त्यांना."