चव आढळली

शिधा साहाय्य कार्यालयाच्या नियमपुस्तिकेत असे नमूद आहे की, मदतीच्या शिध्यातून शिजवलेले अन्न स्वच्छ, पुरेसे शिजलेले व पोट भरणारे असावे. ते चांगले लागावे असे कुठेही म्हटलेले नाही. लागू नये असेही म्हटलेले नाही. पण त्याचे कारण एवढेच की, नियम करणाऱ्यांच्या मनात तशी शंकासुद्धा आली नव्हती. तांदूळ, मसूर, पीठ, बटाटे, कांदे, तेल आणि मीठ. या सात जिनसांतून कुणाला काय सुचणार?

या कार्यालयाची आवक-जावक माझ्याकडे आहे. बावीस वर्षांत आलेल्या तक्रारींचे मी चार गठ्ठे बांधले आहेत: शिधा कमी भरला, उशिरा मिळाला, किडका निघाला, आणि शेजाऱ्याला का मिळाला. त्या दिवशीचे पत्र मात्र कोणत्याच गठ्ठ्यात बसेना. अक्षर वळणदार, डाव्या बाजूला समास सोडलेला, खाली सही ‘एक जागरूक रहिवासी’. मजकूर असा, की आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहते. नवरा गोदामात पोती उचलायचा, पाठ गेल्यापासून पडून असतो. घरात सासू आहे, नऊ वर्षांची मुलगी आहे. त्यांना आपल्याकडून शिधा मिळतो, त्याला आमची मुळीच हरकत नाही. ‘मुळीच’खाली दोन रेघा होत्या. परंतु रोज दुपारी साडेबाराला त्यांच्याकडून जिन्यात असा काही वास येतो, की आम्हाला आमचे जेवण जात नाही. शिध्याला असा वास येणे शक्य नाही. तरी बाईचे चोरून दुसरे काही उत्पन्न आहे काय, याचा शोध घ्यावा.

शोध घेण्यासाठी तपासनीस गेला. हा तपासनीस सरळ माणूस. जे दिसते ते लिहितो, म्हणून त्याला बढती मिळालेली नाही.

घर म्हणजे एकच खोली. खिडकीखाली शिलाई मशीन, भिंतीला खाट, फळीवर सात डबे. तपासनिसाने सातही डबे उघडून पाहिले. मशीनचे झाकण उचलले. नवऱ्याला कुशीवर वळायला सांगून गादीखालीही हात घातला.

“बाई, मसाले कुठे ठेवता?”

“कसले मसाले, साहेब?”

“मग हा वास कशाचा?”

“कांद्याचा.”

“कांदा आमच्याही घरी असतो की.”

“तुमच्याकडे घाई असेल,” सासू कोपऱ्यातून म्हणाली.

बाईने पातेले पुढे केले. सांगण्यासारखे त्यात काहीच नव्हते. कांदे उभे चिरायचे. मंद आचेवर चाळीस मिनिटं परतायचे, पार चॉकलेटी होईपर्यंत. मसूर अर्धा शिजला की त्याच पाण्यात तांदूळ टाकायचे. वर कांदा पसरायचा, झाकण ठेवायचं आणि मग कुणी कितीही बोलावलं तरी झाकण उघडायचं नाही. तपासनिसाने हे सगळे शब्दशः लिहून घेतले. एक वाटी त्याने परीक्षणासाठी खाल्ली, दुसरी खात्री करण्यासाठी. तिसरी कशासाठी, याची नोंद अहवालात नाही.

वाटी पुसत त्याने मुलीला विचारले, “काय गं, आई रोज असंच करते?”

“नाही काका. आज तुम्ही आलात ना, म्हणून तिचं लक्ष नव्हतं. रोज याच्यापेक्षा भारी होतं.”

बाईने मुलीला चिमटा काढला, पण तोवर वाक्य कागदावर उतरले होते.

अहवालाच्या नमुन्यात अन्नासमोर दोनच पर्याय छापलेले असतात: ‘खाण्यायोग्य’ आणि ‘खाण्यास अयोग्य’. तपासनिसाने दोन्ही खोडून हाताने लिहिले, ‘चव आढळली.’ पुढचे सगळे या दोन शब्दांमुळे झाले.

अहवाल अधीक्षकांच्या टेबलावर गेला. अधीक्षक शिस्तीचे. दुपारच्या डब्यात काय होते, हे त्यांना जेवून झाल्यावरही सांगता येत नसे.

“याचा अर्थ एकच,” ते म्हणाले. “या बाईकडे असं काहीतरी आहे, जे आपण दिलेलं नाही.”

“काही नाही, साहेब. मी गादीखालीसुद्धा पाहिलं.”

“चाळीस मिनिटं आहेत.”

अधीक्षकांनी अहवालातल्या त्या आकड्यावर बोट ठेवले.

“रोजची चाळीस मिनिटं! कांद्यापाशी उभं राहायला! तुमच्याकडे आहेत? माझ्याकडे आहेत? ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे, तो गरजू कसा?”

बाई तेवढ्या वेळात मशीन ओढून शेगडीजवळ घेते आणि एका हाताने परतत दुसऱ्या हाताने कपडा सरकवत शिवण घालते, हे तपासनिसाने पाहिले होते. पण ते नमुन्यात विचारलेले नव्हते. चवीला कारणीभूत ठरणारे तेल पुढील आदेशापर्यंत बंद करण्यात आले. आदेश मीच टाइप केला. एकही चूक नव्हती.

तीन आठवड्यांत जागरूक रहिवाशाचे दुसरे पत्र आले. वास बंद झालेला नाही, नुसता बदलला आहे. पूर्वी परतल्याचा यायचा, आता भाजल्याचा येतो. हा जास्त त्रासदायक आहे.

आता प्रकरण एकट्या माणसाच्या आवाक्यातले राहिले नाही. अधीक्षक, हेडक्लार्क आणि तपासनीस अशी त्रिसदस्यीय समिती नेमली गेली. नोंदी घ्यायला मी. गेलो तेव्हा बाई सालासकट भाजलेले कांदे सोलत होती. मसूर तिने तव्यावर कोरडाच भाजून घेतला होता, आणि भाजलेल्या पिठाची वास सुटलेली दाट पेज एका बाजूला रटरटत होती. समितीने प्रत्येक पदार्थाची स्वतंत्र आणि नंतर एकत्रित तपासणी केली. मी सदस्य नसल्यामुळे दोनच वाट्या खाल्ल्या. हेडक्लार्कने पातेले वाकडे करून तळ तपासला. मुलगी ताटली घेऊन दाराशी उभी होती. समिती उठली तेव्हा तिच्या आजीने तिला रिकामे पातेले आणि एक चमचा दिला.

“खरवड गं. तळाला लागलेलंच खरं गोड असतं,” आजी म्हणाली. तळाला काही लागलेले नव्हते. हेडक्लार्कचे काम चोख असते.

समितीचा निष्कर्ष एकमताने निघाला. ज्या कुटुंबाने पूर्वसूचना नसताना चार पाहुण्यांना पोटभर जेवू घातले, त्याच्या घरात शिल्लक आहे हे उघड आहे. सबब शिधा निम्मा करावा, आणि पुढील तपासणीत पुन्हा चव आढळल्यास तो कायमचा बंद करावा.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलापाशी आली. रडायला आली असेल म्हणून मी फाइल वर धरली होती. पण तिला माहिती हवी होती.

“भाऊ, चव कमी करायची म्हणजे नक्की किती?”

“नियमात मोजमाप नाही.”

“मीठ नाही घातलं तर?”

“मीठ शिध्यात दिलेलं आहे. दिलेलं न वापरणं म्हणजे अपव्यय.”

“दुप्पट घातलं तर?”

“तोही अपव्यय.”

“करपवलं तर?”

“शासकीय धान्याची नासाडी. त्याला दंड आहे.”

“अहो, मग करू तरी काय? सांगा ना. पोरगी अर्ध्या पोटी शाळेत जाते.”

मी नियमाबाहेर कधी कुणाला सल्ला दिलेला नाही. त्या दिवशी मात्र इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवून म्हणालो, “घाई करा.”

पुढचे मला तिच्या सासूने शिध्याच्या रांगेत सांगितले. म्हणे, आठ दिवस घरात सराव चालला. सगळे जिन्नस एकदम गार पाण्यात, शेगडी मोठी, हलवणे नाही, थांबणे नाही. पहिल्या दिवशी नवरा खाटेवरून म्हणाला, “अजून बरं लागतंय गं.” दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आज जरा जमतंय.” अडचण बाईच्या हाताची होती. उकळी आली की तो आपोआप शेगडी बारीक करायला जायचा. शेवटी सासूच तिच्या शेजारी पाट घेऊन बसली आणि अन्न शिजेपर्यंत सुनेचं मनगट धरून राहिली.

“बावीस वर्षं या हाताचं खातेय,” म्हातारी मला म्हणाली. “धरायची वेळ आली बघ.”

समिती आली. पातेल्यात करड्या रंगाचे काहीतरी एकजीव होऊन बसले होते. अधीक्षकांनी एक घास घेतला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडल्या.

“हं. आता कसं! अगदी आमच्या घरच्यासारखं.”

तपासनिसाने लिहिले, ‘चव आढळली नाही.’ शिधा पूर्ववत झाला, तेलही परत सुरू झाले. अट एकच: तपासणी यापुढे कोणत्याही दिवशी, न कळवता होईल.

कोणत्याही दिवशी म्हणजे रोज, हे बाईला अटीचा कागद घडी करतानाच कळले असावे. त्या संध्याकाळी मुलीने ताट पुढे ओढले, एक घास घेतला आणि विचारले, “आज परत साहेब येणारेत?”

“हो.”

“आणि उद्या?”

“जेव गं मुकाट्याने,” बाई म्हणाली आणि बटणे लावायला बसली. आता तिच्याकडे दोन्ही हात मोकळे होते.

इथे प्रकरण बंद झाले असते. पण तपासनिसाने पहिल्या दिवशी शब्दशः लिहून घेतलेली कृती फाइलमध्ये होती, आणि आमच्याकडे काही वाया जात नाही. विभागाने तिची देखणी पुस्तिका छापली: ‘सात जिनसांत साधं जेवण’. प्रस्तावना अधीक्षकांची. त्यात त्यांनी वेळ काढण्याचे महत्त्व विशद केले आहे. शिधाधारकांना ती द्यावी काय, असे मी टिपणीत विचारले. ‘चवीचा अंतर्भाव असल्याने देऊ नये’ असा शेरा आला. ती दुकानांत विक्रीला ठेवली आणि हातोहात खपली. आता सुट्टीच्या दिवशी चांगल्या चांगल्या घरांत मंडळी जाड बुडाची पातेली विकत आणून चाळीस मिनिटे कांदा परततात, त्याचा फोटो काढतात आणि साधेपणात किती सुख आहे हे एकमेकांना कळवतात. जिन्याजिन्यात तो वास येतो. त्याबद्दल आजवर एकही तक्रार माझ्याकडे आलेली नाही.

पुस्तिका तुमच्याकडेही आहेच. सुट्टीचा दिवस असतो, पातेलं नुकतंच उतरवलेलं असतं, आणि दारावर टकटक होते. तळमजल्यावरची शिवणवाली तुमची दुरुस्त केलेली विजार घेऊन उभी असते. पैसे आणायला तुम्ही आत वळता. परत येता तर ती डोळे मिटून नुसता श्वास घेत असते.

“छान झालंय,” ती म्हणते. “पाच मिनिटं आणखी ठेवला असता कांदा, तर अजून रंग आला असता.”

तुम्ही हसता. दार लावता. विजार उत्तम शिवलेली आहे, तक्रारीला जागा नाही. जेवायला बसता, पण जेवण जात नाही. शिध्यावर जगणाऱ्या बाईला हे कळलं कसं? नुसत्या वासावरून? म्हणजे ही अजूनही कुठेतरी, कधीतरी, गुपचूप…

तुम्ही ताट बाजूला सारता आणि कागद शोधता. डाव्या बाजूला समास सोडता.

पाठवा. आवक माझ्याकडेच आहे, आणि तुमचं अक्षर मला आता पाठ झालं आहे.