फ्यूज उडाला हो!

"दहा मिनिटांचं काम! तू चहा टाक, तो उतू जायच्या आत बेल वाजवून दाखवतो!" असं बायकोला सांगून भूगोलाचे मास्तर दारावरची मुकी बेल तपासायला बसले. ज्याला जगातल्या नद्यांचे उगम तोंडपाठ, त्याला हातभर वायरीत वीज कुठे अडली ते सापडू नये?

खरी मिजास मात्र हातातल्या, वीज तपासायच्या मल्टीमीटरची होती. तो सासऱ्यांचा. सासरे जन्मभर वायरमन, आणि मीटर म्हणजे त्यांचा जीव की प्राण! सख्ख्या भावालाही हात लावू देत नसत. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर काल प्रथमच त्यांनी तो जावयाच्या हाती दिला होता.

"उद्या पाचला न्यायला येईन," ते म्हणाले होते. "धड मिळाला तर पुन्हा देईन. आणि जावईबापू, अडलं तर आधी बॅटरी बघा, मग जगाला नावं ठेवा."

मास्तरांनी मीटरचं बटण फिरवलं. पडदा कोरा. पुन्हा फिरवलं. ठिम्म!

"फ्यूज गेलाय," मास्तरांनी निकाल दिला. बॅटरी हे कारण त्यांना फारच किरकोळ वाटलं. एवढं यंत्र, त्याला बिघाडही शोभेलसा नको?

त्यांनी मागचं झाकण खोललं. आत काचेच्या नळीचा इवलासा फ्यूज दोन चिमट्यांत गच्च बसला होता. मास्तरांनी त्याच्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून जोर लावला. टण्! फ्यूज मास्तरांच्या कानाजवळून गेला, भिंतीवर आपटला आणि लोखंडी कपाटाखाली दिसेनासा झाला.

"अगं, फ्यूज उडाला!" मास्तर किंचाळले.

वायरमनचीच मुलगी ती! चहा सोडून धावली आणि तिने मेन स्विच बंद केला.

"अगं, तो तसा नाही उडाला!"

"उडायच्या काय दोन तऱ्हा असतात?" तोवर तिचा फोन लागलाही होता. "बाबा, फ्यूज उडालाय! हे नुसते ओरडतायत! लगेच या!"

शेजारच्या काकूंनी दारातून एवढंच ऐकलं. पाचव्या मजल्यावरून उतरत चौथ्यावर त्यांनी 'ठिणग्या उडाल्या' असं सांगितलं, तिसऱ्यावर स्फोट झाला आणि दुसऱ्यावर मास्तर अर्धे भाजले. पहिल्यावर राहणारे सेक्रेटरी जबाबदार गृहस्थ. ते तडक खाली गेले आणि त्यांनी अख्ख्या इमारतीची वीज तोडली.

जवळच राहणारे सासरे नेमके तेव्हाच लिफ्टमध्ये होते!

मास्तर धावत जिन्यात आले आणि लिफ्टच्या जाळीला तोंड लावून ओरडले, "बाबा, मी सुखरूप आहे!"

"ते ऐकू येतंय," दोन मजल्यांच्या मधून आवाज आला. "माझा मीटर सुखरूप आहे का?"



"वीज सुरू करा हो, सेक्रेटरीसाहेब," बायको रडकुंडीला आली.

"वायरमनने तपासल्याशिवाय मुळीच नाही!" सेक्रेटरी म्हणाले.

"वायरमनच लिफ्टमध्ये आहेत!"

"मग ते बाहेर आले की बघू."

आता इलाज नव्हता. साऱ्या इमारतीसमोर मास्तरांनी मान खाली घातली आणि सांगून टाकलं, "फ्यूज घरचा नव्हता. मीटरचा होता. मीच उपटला."

दोन मिनिटांत लिफ्ट हलली. सासरे घरात आले ते कोणाशी न बोलता मीटरपाशी. बॅटरीचं झाकण काढलं, खिशातली नवी बॅटरी बसवली, बटण फिरवलं. पडद्यावर आकडे उमटले! मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पडद्याला फ्यूज लागत नाही, बॅटरी लागते. फ्यूज उडालाच नव्हता, जावईबापू."

"उडाला हो, बाबा! माझ्या डोळ्यांदेखत! कपाटाखाली गेला!"

सासरे मिशीत हसले. "मग काढा शोधून. तो मिळाला की मीटर पुन्हा द्यायचं बघू."

मास्तरांच्या जिवात जीव आला. टॉर्च घेऊन ते जमिनीवर पालथे पडले, अर्धे कपाटाखाली शिरले आणि त्यांनी खटका दाबला. पुन्हा दाबला.

"बाबा," आतून आवाज आला, "टॉर्चचाही फ्यूज गेलेला दिसतोय!"