डाव्या इंजिनाचा आजार

"डावंच आहे," कप्तान म्हणाला. "लिहून घे. डावंच मेलंय."

सकाळचे साडेसात वाजले होते. धक्क्याला बांधलेली बोट डावीकडे कलून उभी होती, दाढ दुखणाऱ्या माणसासारखी. कप्तान हे नुसतं टोपणनाव. जहाजबिहाज काही नाही, होती ती बावीस वर्षांची जुनी जेट बोट. इंजिनं दोन. बाहेर पंखा नाही. पोटातले पंप खालून पाणी ओढतात आणि मागून जोरात फेकतात, म्हणून गुडघाभर पाण्यातूनही ती निघते. समोरच्या बेटावर जायला अशीच बोट लागते, कारण मधे सगळी वाळू. त्या बेटावर एका खोलीची शाळा, शाळेत अकरा मुलं, आणि त्यांना शिकवायला रोज याच बोटीने जाणाऱ्या बाई म्हणजे कप्तानाची बायको.

अकरा वाजता तपासणीचे साहेब येणार होते. धक्क्यापासून तरंगत्या लाल पिंपापर्यंत चार मिनिटांच्या आत बोट पोचली तर परवाना. नाही तर बोट भंगारात, शाळेला कुलूप आणि अकरा मुलं पलीकडच्या वसतिगृहात. हे ठरवणाऱ्याने बेट कधी नकाशातसुद्धा धड पाहिलं नसेल, पण ठरवायला काय लागतं? खुर्ची लागते.

"आत्ताच्या फेरीला किती झाले?" कप्तानाने विचारलं.

बाईंनी शाळेच्या शर्यतींचं स्टॉपवॉच दाखवलं. "पाच मिनिटं दहा सेकंद."

"बघ. डावंच!"

"अहो, पण दोन्ही इंजिनांचे काटे पूर्ण वर होते. इंजिनं जीव तोडून फिरतायत, बोट मात्र जागची हलत नाही. मग आजारी इंजिन कसं?"

"तुला त्यातलं कळत नाही."

हे वाक्य जगात सगळ्यात जास्त वेळा तोच बोलतो, ज्याला त्यातलं कळत नसतं.

कप्तानाने मेहुण्याला फोन केला. मेहुणा जनरेटर भाड्याने द्यायचा, त्यामुळे फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्याचं मत होतं. तो एक जाडजूड बॅटरी आणि दोन पेट्या घेऊन आला.

"दाजी, सोप्पं आहे. डाव्याचं उजव्याला लावायचं, उजव्याचं डाव्याला. दोष ज्याच्याबरोबर सरकला, तो चोर."

पद्धत चांगली होती, त्यात खोट नाही. प्लग इकडचे तिकडे झाले. मग कॉइल. मग डिझेलचं काय नि पेट्रोलचं काय, फिल्टर हा बदलायचाच असतो, असं म्हणून पेट्रोलचे फिल्टरही बदलले. तासाभरात डावं इंजिन उजवं झालं आणि उजवं डावं. चोर मात्र हलला नाही. बोट डावीकडेच ओढत राहिली.

"पाच पंचवीस," बाई म्हणाल्या.

"वाढले?"

"वाढले."

मग मिस्त्री आले. सत्तरीचे, अर्धे बहिरे, पण मान मोठा. लोखंडी पेटी अशी, की उचलायला दोघं लागत. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"इंजिन ठणठणीत आहे," ते म्हणाले. "पंपाची जाळी तुंबलीय. कोण उतरतंय पाण्यात?"

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं.

"ताई, मला सर्दी आहे."

"उतर. तुझी सर्दी लहानपणापासून कामाच्या वेळीच येते."

मेहुणा बोटीखाली गेला आणि मूठभर शेवाळ, हातभर दोरी आणि एक चप्पल घेऊन वर आला. "सापडला!" तो ओरडला. कप्तानाने त्याच्या ओल्या अंगालाच मिठी मारली. सगळे बोटीत चढले. मिस्त्री चढले, त्यांची पेटीही चढली.

"पाच मिनिटं पंचेचाळीस."

"ताई, तुझं घड्याळ बिघडलंय."

"घड्याळ नाही रे. एकेक तज्ज्ञ चढला की पंधरा-वीस सेकंद वाढतायत. अजून दोघं बोलावलेत ना, तर बोट मागे जाईल."

साडेनऊ वाजले होते. मिस्त्री म्हणाले, "पंपातली चकती झिजली असेल. जुनी एखादी असती तर शेजारी धरून पाहिली असती."

"आहे ना!" कप्तानाचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच खुलला. "आपल्याकडे सगळं आहे." त्याने डाव्या बाजूची लांब सीट उचलली आणि आत कोपरापर्यंत हात घातला. आतून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

बाईंनी तो आवाज ऐकला. मग त्या धक्क्यावर उतरल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि बोटीच्या कडेला खाली बघत राहिल्या.

"अहो, माझी लाल रेघ कुठे गेली?"

"कुठली रेघ?"

"पाणी जिथवर येतं तिथे मी दरवर्षी रंगाने मारते ती. वीतभर पाण्याखाली आहे. आणि दरवर्षी मी ती वर सरकवत आलेय. मला वाटायचं, पाणीच वाढतंय."

त्या उठल्या आणि वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "सगळे खाली उतरा."

"अगं, पण..."

"उतरा! नाही तर पाढे म्हणायला लावीन."

तीन बाप्ये मुकाट्याने उतरले. बाईंनी पदर खोचला. सीटखालून पहिल्यांदा जुना कार्बोरेटर निघाला, मग दोन स्टार्टर, मग गंजलेला सायलेन्सर.

"असू दे गं, कामाला येतं."

"कधी आलंय?"

"...येईल."

गेली अकरा वर्षं बोटीचा जो भाग बदलला, तो कप्तानाने सीटखाली टाकला होता. नव्यावर विश्वास नाही आणि जुनं टाकायची छाती नाही, हा आजार त्याला एकट्यालाच आहे असं मी म्हणणार नाही. माळे उघडून बघा आपापले. पिस्टन निघाले, हेड निघालं. फळीखालून तर इंजिनाचा अख्खा सांगाडा, म्हणजे ब्लॉक निघाला. एका मित्राला तो हवा होता आणि चार वर्षांपूर्वी 'उद्या नेतो' म्हणाला होता. तो उचलायला चौघं लागले.

मिस्त्रींना पसारा बघवत नसे. ते सवयीने एकेक भाग धक्क्यावर जागच्या जागी मांडत गेले. अर्ध्या तासाने कमरेवर हात ठेवून त्यांनी समोर पाहिलं.

"कप्तान, एक सांगू?"

"डावंच ना?"

"नाही. तिसरं."

दोन इंजिनांची बोट इतकी वर्षं तीन इंजिनं वाहत होती. त्यातली दोन ओढत होती आणि तिसरं आरामात बसून प्रवास करत होतं. असं एकेक इंजिन प्रत्येक कचेरीत असतं, पण ते सीटखालून बाहेर काढता येत नाही.

अकराला साहेब आले. हातात फॉर्म, पायात चकचकीत बूट. त्यांनी बोटीकडे पाहिलं, धक्क्याकडे पाहिलं.

"अर्जात इंजिनं दोन लिहिलीत."

"दोनच आहेत, साहेब."

"मग हे काय आहे?"

"हा आजार आहे," बाई म्हणाल्या. "सकाळीच काढला."

कप्तान चाकाशी बसला. मागे बाई आणि साहेब. मेहुण्याने दोर सोडला, आणि बोटीने नाक वर करून अशी काही झेप घेतली, की साहेबांचा फॉर्म, चष्मा आणि साहेब तिन्ही बाईंच्या अंगावर आले. लाल पिंप नुसतं सपकन मागे गेलं.

"तीन मिनिटं एकेचाळीस!" बाई ओरडल्या. साहेबांनी आपलं घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं. तेही तेच म्हणत होतं.

धक्क्यावर परतल्यावर त्यांनी ओला फॉर्म मांडीवर पसरला. "दुरुस्तीत कोणता भाग बदलला?"

"सगळे बदलले, साहेब," कप्तान म्हणाला. "इकडचे तिकडे."

साहेबांनी 'निरंक' लिहिलं आणि शिक्का मारला.

"मी म्हटलंच होतं," मेहुणा नाक पुसत म्हणाला. "दोष डावीकडेच आहे." संताप याचा, की ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बोट बेटावर वेळेआधी दहा मिनिटं पोचली. इतकी वर्षं बोट उशिरा यायची आणि गणिताचा पहिला तास वाळूत खेळण्यात जायचा. अकरा मुलांनी पाण्यावरून झेपावत येणारी बोट पाहिली आणि अकरा तोंडं उतरली. बाईंनी सीटखालच्या आजाराची गोष्ट वर्गात रंगवून सांगितली, आणि तीन दिवस सलग गणित झालं. चौथ्या दिवशी, धक्क्यावरून निघताना, कप्तानाने अभिमानाने स्टॉपवॉच लावलं आणि पिंपाशी त्याचा चेहरा पडला.

"चार मिनिटं तीन! डावंच आहे गं! फोन कर तुझ्या भावाला!"

बाईंनी डावी सीट उचलली. आत दगड होते, बेटावरचे, गोल गोल, नीट रांगेत लावलेले. त्यांनी मोजले. दहा मोठे, आणि शेवटी एक अगदी लिंबाएवढा. पहिलीत एकच मुलगी होती.

त्या दिवशी बाईंनी हजेरी दगडांवरून घेतली. वर्ग पूर्ण हजर होता.