काटा बरोबर असल्याबद्दल

इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत पथदिवा लागला की शिरसाठकाका पालिकेला पोस्टकार्ड टाकत. दिवा बंद पडल्यावर नव्हे, लागल्यावर. “खांब क्रमांक चार. दिवा काल संध्याकाळी वेळेवर लागला. आभारी आहे.” खाली सही, सहीखाली रेघ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं सदर पाहत असे. टेबलावर रोज ढीग यायचा: गटारं, खड्डे, मोकाट कुत्री. काका प्रत्येक कार्डाची एक प्रत आम्हालाही पाठवत. नळाला पाणी आलं, घंटागाडी आली, डासांचा धूर मारून गेले. यात बातमी नाही, असं मी त्यांना एकदा सांगितलं. दोन दारं सोडून घर असल्याने सांगणं सोपं होतं.

“नसेल बातमी,” ते म्हणाले. “पण काटा बरोबर आला तर बोलावं माणसानं.”

काकांची सगळी नोकरी लासलगावच्या कांदा बाजारात वजनकाट्यावर गेली. ट्रॅक्टर काट्यावर चढला की शेतकरी म्हणणार, कमी भरलं. व्यापारी म्हणणार, जास्त भरलं.

“एवढ्या वर्षांत एक जण म्हणाला नाही, शिरसाठ, बरोबर भरलं. एकदा सायखेड्याचे एक बाबा काट्याकडे बघून हसले. म्हटलं, हे बोलणार. तर म्हणतात, ‘आज बरोबर हाय. म्हंजे काल चुकीचा व्हता.’”

निवृत्तीनंतर काकांनी ठरवलं, निदान आपण तरी बोलायचं.

पालिकेच्या आमच्या भागातल्या कार्यालयात या कार्डांची पंचाईत होई. तिथे अशा टपालासाठी वही एकच होती, तक्रार नोंदवही. कारकून शेखभाई नियमाचे पक्के. आलेलं पत्र नोंदवलंच पाहिजे आणि नोंदवलं की कार्यवाही झालीच पाहिजे. त्यांनी ‘तक्रारीचे स्वरूप’ या रकान्यात लिहिलं, “दिवा लागतो.” तिसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली.

“काय त्रास आहे?” वायरमनने वरून विचारलं.

“काही नाही. उत्तम चालतो,” काका खालून म्हणाले.

“मग तक्रार कशाची?”

“तक्रार नाही हो. कौतुक आहे.”

“काका, कौतुकाला शिडी नाय लागत,” वायरमन म्हणाला. तरी वर चढलाच होता आणि वहीत ‘तपासणी केली’ असं लिहायचं होतं, म्हणून त्याने दिवा खोलून पाहिला. त्या संध्याकाळी खांब चारचा दिवा लागला नाही. गल्लीने काकांचा यथास्थित उद्धार केला. दोन दिवसांनी दिवा दुरुस्त झाला. काका नवं कार्ड घेऊन निघाले तेव्हा चौघांनी त्यांना टपालपेटीजवळ अडवलं, असं सांगतात. मी पाहिलेलं नाही.

या काकांना पालिकेकडून एकच गोष्ट हवी होती आणि नेमकी तीच ते मागत नव्हते.

कुसुमकाकू अर्धांगवायूच्या झटक्यानंतर चाकांच्या खुर्चीत होत्या. ती खुर्ची दिवसभर रस्त्याकडच्या खिडकीत असे. कोपऱ्यावर पालिकेने बाग केली होती, झाडं, बाकं, घसरगुंडी. गायी शिरू नयेत म्हणून तिला लोखंडी फिरतं फाटक बसवलं होतं. एकेकाने ते ढकलत आत जायचं. खुर्ची त्यातून जात नसे. काका रोज संध्याकाळी काकूंना फाटकापर्यंत नेत, पाच-दहा मिनिटं बाहेर उभे राहत आणि परत आणत.

“अहो, एकदा लिहा ना,” काकू म्हणायच्या. “फाटक गायीसाठी केलंय. मी काय गाय आहे?”

“तक्रारी करणारे खूप आहेत.”

“मग उचला मला आणि टाका पलीकडे.”

मी पत्र छापायची तयारी दाखवली. काका नाही म्हणाले. “तुम्ही छापाल, चार जण शिव्या घालतील, आणि बाग चांगली केली हे राहूनच जाईल.”

अखेर त्यांनी कार्ड लिहिलं ते असं: “बागेचे फाटक अत्यंत मजबूत आहे. आजवर एकही गाय आत गेलेली नाही. माझी पत्नीही गेलेली नाही. आभारी आहे.”

शेखभाईंनी रिवाजाप्रमाणे रकाना भरला, “पत्नी आत जात नाही.” काही दिवसांनी वेल्डर आला. फिरत्या फाटकाशेजारी कडी असलेलं रुंद दार बसलं, त्याला सिमेंटचा उतार झाला.

त्यानंतर कार्डं बंद झाली.

मी पंधरा दिवस वार्तांकनासाठी पेठ-सुरगाण्याकडे होतो. परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेखभाईंचा फोन आला.

“साहेब, शिरसाठांचं कार्ड नाही. घंटागाडी येते ना?”

“आज आली होती.”

“पाणी?”

“आलं.”

“मग माणसं बरी आहेत ना?”

संध्याकाळी गेलो. दाराला कुलूप होतं. खिडकीही बंद होती. ती मी प्रथमच बंद पाहत होतो. समोरच्यांचंही दार लागलेलं. कोपऱ्यापर्यंत मी जवळजवळ पळतच गेलो.

दोघं बागेत होते. काकू तीन बायकांना भरल्या वांग्याची कृती सांगत होत्या आणि त्यातली एक वाद घालत होती. काका बाकावर बसून ऐकत होते.

“कार्डं का थांबली?” मी विचारलं.

“मी कुठे काय बघत होतो?” काका हळू आवाजात म्हणाले. “दिवा लागला, गाडी आली, हे सगळं ही खिडकीतून सांगायची. दिवसभर तेवढंच होतं तिला. म्हटलं, इतकं बघते, तर ते कुणाच्या तरी कानावर जावं. आता सकाळपासून हिची इकडे यायची तयारी असते. दिवा लागला की नाही, आम्हाला पत्ताच नसतो.”

शेखभाई काळजीत आहेत, असं मी सांगितलं. काकूंनी वांगं अर्ध्यावर सोडलं. “अहो, लिहा.” काकांच्या खिशात कार्ड होतंच. “दार उघडले. आम्ही आत आहोत. आभारी आहे.” सहीसाठी त्यांनी पेन काकूंच्या डाव्या हातात दिलं. सही वाकडी आली. तिच्याखालची रेघ काकांनी ओढली.

कार्ड मी स्वतः नेऊन दिलं. शेखभाईंनी ते दोनदा वाचलं, नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली. मग टेबलावरची काच उचलून कार्ड तिच्याखाली सरकवलं.

“याची नोंद नको,” ते म्हणाले. “नोंद केली तर माणसं पाठवावी लागतील.”